दोन ठोके

“जरा सैल करा हो,” मावशी म्हणाली. “पोटाला रुततंय तिच्या.”

“सैल केलं तर उठेल,” मेकॅनिक म्हणाला. “आणि उठली की संपलंच.”

खुर्चीपुढे उकिडवा बसून तो पट्टा आवळत होता. ही खुर्ची वर्षभर माळ्यावर पडून होती. आज सकाळी त्यानेच ती उतरवली, धूळ झटकली आणि भिंगरीला तिच्यात बसवलं. खुर्ची मावशीच्याच हातची होती. पाठीला जाड फोम, मान कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा, पुढ्यात लाकडी पाटी आणि कमरेला पट्टा. सोफे आणि गाद्या शिवणं हा मावशीचा धंदा. भिंगरी आली तेव्हा तिच्या अंगाचं माप घेऊन मावशीने ती शिवली होती, मग पोर जशी सावरत गेली तशी एकेक उशी काढत गेली, आणि शेवटी खुर्चीच नको झाली. आता भिंगरीचे गुडघे पाटीला खालून टेकत होते.

भिंगरी काही बोलली नाही. बोलता तिला येतच नव्हतं. ती आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे नुसती बघत होती, आपलं काय चुकलं म्हणून.

“अशी बघू नकोस गं माझ्याकडे,” मावशी म्हणाली आणि ओट्यापाशी जाऊन धुतलेलीच कपबशी पुन्हा धुवायला लागली. तिच्या अंगाची आग होत होती. नवऱ्याचा राग आला होता, खात्याचा आला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. कारण युक्ती नवऱ्याची असली तरी ‘बरं, करा’ हे शब्द तिचे होते.

आज खात्याची तपासणीबाई यायची होती. ज्यांना आईबाप नाहीत, किंवा आहेत पण ठेवत नाहीत, अशी अपंग मुलं हे खातं लोकांच्या घरी सांभाळायला द्यायचं. मावशीचं घर त्यांतलंच एक. मुलांना ‘आई’ म्हणू द्यायचं नाही, असं खात्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘मावशी’ चालेल म्हणे. तेव्हापासून ती साऱ्या गल्लीचीच मावशी झाली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून तो मेकॅनिक.

खात्याचा आणखी एक नियम होता. मूल आपलं आपण खायला आणि चार पावलं चालायला लागलं, की त्याला असल्या घराची गरज उरली नाही असं धरायचं. मग त्याला वसतिगृहात हलवायचं, आणि मोकळ्या झालेल्या घरी दुसरं, अंथरुणाला खिळलेलं मूल आणायचं. म्हणजे जितकं जिवापाड सांभाळाल तितकं मूल लवकर जाणार, आणि हेळसांड केलीत तर जन्मभर तुमचंच. हा नियम काढणाऱ्याच्या डोक्यात मेंदू होता की भुसा, हे मावशीला आजवर कळलेलं नव्हतं.

तिच्याकडून याआधी एक असंच गेलं होतं. मेकॅनिक त्याला पैलवान म्हणायचा, कारण आला तेव्हा पोराच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं. इथून गेला तो स्वतःच्या पायांनी, भिंतीला हात लावत लावत. काही महिन्यांनी मावशी त्याला भेटायला वसतिगृहात गेली, तर पैलवान खाटेवर आडवा. पायांच्या पुन्हा काड्या झालेल्या. तिथली बाई काही वाईट नव्हती. ती म्हणाली, “चालतो हो तो. पण संडासापर्यंत जायलाच एवढा वेळ लावतो की बाकीची पोरं खोळंबतात. उचलून नेलं की काम होतं.” ती हे बोलत असताना पैलवानाची बोटं खाटेच्या दांडीवर हळूच दोनदा वाजली. कुणी येईल म्हणून नव्हे, नुसती सवयीने. त्याने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. त्या दिवशी मावशी घरी आली, आणि जेवायला म्हणून बसली ती ताट भिंतीवर भिरकावूनच उठली.

ही दोन ठोक्यांची पद्धत मेकॅनिकच्या कामातली. लिफ्टच्या उभ्या पोकळीत एक माणूस वर असतो, एक खाली. हाका ऐकू येत नाहीत, तेव्हा पान्याने लोखंडावर ठोकून खुणा करतात. दोन ठोके म्हणजे ‘ये, तुझं काम आहे’. ज्या मुलांना हाक मारता येत नाही त्यांना त्याने ती खूण शिकवली, आणि घराचा कायदा करून टाकला. मुलाने दोनदा ठोकलं की जायचं. ठोकत नाही तोवर हात लावायचा नाही.

वाचायला हे सोपं वाटतं. पण समोर पोर केळ्याचा तुकडा उचलायला धडपडतंय, तो निसटतोय, पुन्हा निसटतोय, आणि आपण हातात सुई-दोरा धरून गप्प बसायचं, याला काळीज दगडाचं लागतं. एकदा मावशीच्या नणंदेने हे बघितलं आणि तिला राहवेना.

“अगं वहिनी, माणूस आहेस का कोण! भरव की तिला.”

“ती बोलावेल मला.”

“कशी बोलावेल? तोंड आहे का तिला?”

“तुम्हाला आहे ना, तेवढं पुरे.”

नणंद फणकाऱ्याने गेली होती. हीच नणंद पाच जणींत मावशीला ‘पुण्याचं काम करतेस गं’ म्हणायची. पुण्याचं नाव काढलं की मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पुण्य करायला कुणाला सवड होती? पोरीचे कपडे, आंघोळ, व्यायाम आणि मध्येच गिऱ्हाइकांच्या गाद्या. ‘भिंगरी’ या नावावरूनही नणंद चिडली होती, की जी जागची हलत नाही तिला भिंगरी म्हणून चिडवता काय! तेव्हा मेकॅनिक हसून म्हणाला होता, “नाव आधी ठेवायचं ताई. अंग मागून येतं.” आणि आलं की! आधी मान आली, मग बसणं आलं, मग रांगणं, मग भिंत धरून उभं राहणं. आता तर घरात कुणीही आलं की दार उघडणं हे भिंगरीचं काम होतं. मेकॅनिकने त्यासाठी दाराला खाली, तिच्या हाताला येईल अशी दुसरी कडी बसवली होती आणि वरची काढून टाकली होती. घंटी वाजली की सारं घर ताटकळायचं, बाहेरचा माणूसही ताटकळायचा, आणि भिंगरी डुलत डुलत दाराशी जायची. दूधवाल्याला सवय झाली होती. तो घंटी वाजवून पायरीवर बसायचा.

आणि ठोके पडले की मावशी असेल तिथून ओरडायची, “आले गं, आले!” कधी तोंडात दोरा धरून, कधी साबणाच्या हातांनी. या घरात दोन ठोके पडले आणि कुणी गेलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

घंटी वाजली.

भिंगरीने झटक्यात मान वर केली, दोन्ही हात पाटीवर टेकले आणि उठायला गेली. पट्ट्याने तिला मागे ओढलं. मेकॅनिक जाऊन दार उघडून आला.

तपासणीबाई तरुण होती. उन्हातून आल्यामुळे तिचा चेहरा लाल झाला होता. तिने पाणी मागितलं, पंख्याखाली बसली आणि भिंगरीकडे बघून मनापासून हसली. ती उर्मट असती तर मावशीला बरं वाटलं असतं. रागावायला सोपं गेलं असतं.

“कशी आहे ही?”

“आहे तशीच,” मेकॅनिक म्हणाला. “मान धरते आता, एवढंच.”

“स्वतःच्या हाताने खाते?”

“छे हो, कुठलं! भरवावं लागतं.”

“आणि उभी राहते का?” बाईने मावशीकडे बघितलं. “मागच्या खेपेला मावशी, तुम्ही म्हणाला होतात, आधार धरून राहते म्हणून.”

“म्हणाले असेन,” मावशी म्हणाली. मागच्या खेपेला तिने ते छाती फुगवून सांगितलं होतं. आता तेच गिळायचं होतं.

ठक, ठक.

भिंगरीने पाटीवर ठोकलं होतं. मावशी जागची हलली नाही.

“काय हवंय तिला?” बाईने विचारलं.

“काही नाही हो, नाद आहे तिला तसला,” मेकॅनिक म्हणाला, जरा मोठ्यानेच. “बरं, चहा घेणार का तुम्ही?”

ठक, ठक.

मावशीने मान खाली घातली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. एवढी घटका निभावली की पोर राहते. बाई जाईल, पट्टा सुटेल, दुपारी दोघी मिळून केळं खाऊ. पोरगी काही हे लक्षात ठेवणार नाही. पुढच्या तपासणीला पुन्हा पट्टा बांधू. त्याच्या पुढच्याही तपासणीला. गुडघे मावणार नाहीत तेव्हा मोठी खुर्ची शिवू. आणि हा विचार इथवर येऊन पोचला तेव्हा तिला घाम फुटला.

मग भिंगरीने तिसऱ्यांदा ठोकलं. हळू. पाटीकडेच बघत, कुणाकडेही न बघता.

हे असलं ठोकणं मावशीने एकदा ऐकलं होतं. खाटेच्या दांडीवर.

“आले गं,” ती म्हणाली.

“अगं, थांब, काय करतेस—”

“गप्प बसा तुम्ही!”

तिने पट्टा सोडला, पाटी बाजूला केली आणि दोन पावलं मागे सरली. भिंगरी उठली. खुर्चीच्या हातांवर भार देऊन, वाकून, मग ताठ होऊन. भिंत धरली. एक पाय टाकला, दुसरा ओढून घेतला. बाई अर्धवट उठली, धरायला.

“हात लावायचा नाही,” मावशी म्हणाली. बाई खाली बसली.

भिंगरी दाराशी पोचली. दार केव्हाचंच उघडून झालं होतं, पाहुणी येऊन बसली होती, पाणीही पिऊन झालं होतं तिचं. पण काम ते काम. तिने कडी काढली, दार सताड उघडलं, बाहेरच्या रिकाम्या पायरीकडे नीट बघून घेतलं, दार लावलं आणि मग वळून पाहुणीकडे बघून हसली. ‘या’ म्हणाल्यासारखी.

“बाई गं!” तपासणीबाईने टाळ्या वाजवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “कमाल केलीत हो तुम्ही!”

मेकॅनिक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“केली ना कमाल?” मावशी म्हणाली. “मग आता शिक्षा काय ते सांगा.”

“शिक्षा कसली, मावशी?”

“न्याल ना तिला? चालायला लागली ती. गुन्हाच केलाय आम्ही.”

बाईचा चेहरा उतरला. तिने खोटं बोलण्याचा प्रयत्न केला नाही. “नियम मी केलेला नाही,” ती म्हणाली.

“तुम्ही नाही केला, साहेबांनी नाही केला. कुणालाही विचारा, नियम कुणीच केलेला नसतो! आकाशातून पडतो आणि नेमका आमच्याच पोरांच्या डोक्यावर पडतो. अहो, ती चालते ती का चालते माहितेय? हे दार उघडायला. बाहेरचा माणूस ताटकळतो म्हणून चालते. तुमच्या त्या वसतिगृहात कोण ताटकळणार आहे तिच्यासाठी? तिने दोनदा ठोकून बोलावलं तर कोण येणार आहे? एक बाई आणि खोलीभर पोरं. उचलतील आणि ठेवतील. परत काड्या होतील तिच्या पायांच्या. मग काय, पुन्हा आणाल माझ्याकडे?”

“मी वर सांगून बघेन. वसतिगृहातही सांगेन तुमची पद्धत. पण इस्पितळात एक मुलगा पडून आहे, मावशी. मान धरत नाही. त्याला ठेवायला कुणी तयार नाही. तुमच्यासारखी माणसं—”

“माझ्यासारखी म्हणजे कशी? दुरुस्तीचं दुकान उघडलंय का मी? यांचं ठीक आहे, लिफ्ट चालू झाली की अवजारं उचलायची आणि निघायचं. लिफ्ट रात्री कुशीत येऊन झोपत नाही!”

भिंगरी भिंत धरून परत आली आणि मावशीच्या साडीचा काठ मुठीत धरून उभी राहिली. बाईने पिशवी उचलली. दाराशी तिने कडीला हात घातला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती थांबली. भिंगरी पुन्हा निघाली. तिला दाराशी पोचायला लागला तेवढा वेळ बाई उन्हात निघायच्या आधी तशीच उभी राहिली. मावशीला तेही आवडलं नाही. एवढं कळतंय तर नेता कशाला?

ती गेल्यावर मेकॅनिक म्हणाला, “ठेवता आली असती पोर.”

“पट्ट्यात बांधून ठेवायची असेल तर त्यांनी ठेवलेली काय वाईट?” मावशी म्हणाली. आणि मग त्या दोघांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, भिंगरीसमोर एकमेकांना नको नको ते ऐकवलं. भिंगरी ठोकत राहिली, आणि भांडण मध्येच टाकून दोघेही एकदम तिच्याकडे धावले.

बाईने वर सांगितलं असेल किंवा नसेल. न्यायची तारीख मात्र वेळेवर कळली.

त्या सकाळी नणंद आली होती. “वाईट वाटून घेऊ नकोस वहिनी,” ती म्हणाली. “पुण्य पदरात पडलं तुझ्या.”

“माझ्या पदराला पोरीचा हात होता,” मावशी म्हणाली. “पुण्य तुम्ही न्या.”

गाडीबरोबर आली ती वेगळीच बाई होती. मुलं एका जागेहून दुसऱ्या जागी पोचवणं एवढंच तिचं काम. तिच्या हातात फोन होता आणि तिला अजून दोन ठिकाणी जायचं होतं.

“दोनदा ठोकलं की जायचं,” मावशीने तिला सांगितलं. “तिला काही हवं असलं की ती दोनदा ठोकते. तोवर हात लावायचा नाही. तिथल्यांना माहितेय ना?”

“मला काही बोलले नाहीत.”

“त्या तपासणीबाई सांगणार होत्या.”

“सांगितलं असेल. मी सांगते परत.”

“काय सांगाल? म्हणून दाखवा.”

“बरं बरं, मावशी. ठोकते म्हणून सांगते.”

‘बरं बरं’ ऐकलं आणि मावशी समजली. ज्याला करायचं नसतं तोच दोनदा ‘बरं’ म्हणतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

दार भिंगरीनेच उघडलं. पायऱ्यांच्या कडेला मेकॅनिकने बुटका कठडा बसवला होता, तो धरून ती उतरायला लागली. खाली गाडीवाल्याने हे बघितलं आणि भला माणूस लगबगीने वर आला, दोन्ही हात पुढे करून.

“लांब व्हा!” मावशी एवढ्याने ओरडली की समोरच्या खिडक्या उघडल्या. “हात लावायचा नाही तिला! तिचं ती येईल. ज्यांना घाई आहे त्यांनी जा तिला न घेता!”

गाडीवाला मागे सरला. पोचवणाऱ्या बाईने फोनकडे बघितलं, मग आकाशाकडे. दूधवाला गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभा राहिला. मेकॅनिक भिंगरीची पिशवी पोटाशी धरून खालच्या पायरीपाशी थांबला होता, तोही हलला नाही. सारी गल्ली ताटकळली. भिंगरी एक पायरी उतरली. दम घेतला. दुसरी उतरली. गाडीपाशी पोचल्यावर तिने गाडीच्या दाराची कडी चाचपली, ती वेगळी निघाली, तिने ती नीट बघून घेतली आणि उघडली. मग पाय ओढत, कोपरांवर भार देत, आपली आपण आत चढली. मावशी वरच्या पायरीवर होती. तिने हात उचलला नाही, डोळे पुसले नाहीत, काही नाही. तिला नुसतं बघून घ्यायचं होतं, हे एवढं अंग आलेलं.

दार लागलं. आत बाईने भिंगरीला पट्टा बांधला. गाडीतला होता तो, सगळ्यांनाच बांधतात. पण भिंगरीने पट्ट्याकडे बघितलं, मग काचेतून वर बघितलं, आणि काचेवर बोटांच्या पेरांनी वाजवलं.

ठक, ठक.

बाईने फोनवर बोलता बोलताच, अगदी मायेने, तिचा हात धरून खाली मांडीवर ठेवला.

“आले गं, आले!” मावशी म्हणाली.

तोंडातून निघूनच गेलं ते. गाडी सुरू झाली, दूधवाल्याने सायकल बाजूला घेतली, गाडी वळणावर गेली. मावशीचा एक पाय खालच्या पायरीवर पडलेला होता, तो तिने कितीतरी वेळ वर घेतला नाही.